निरोप : सौम्य

पंधरा वर्षं मी पोरांना सांगत आले की कुठल्या पानावर काय होणार आहे, आणि एकाही पोराचं वाचन मी थांबवलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण हल्ली मला 'इशारेवाल्या बाई' म्हणतात आणि लोकांना वाटतं, हे सगळं लचांड माझ्यामुळेच सुरू झालं. थोडंफार झालंही असेल.

माझं एक संकेतस्थळ होतं, 'पान उलटण्यापूर्वी'. कुमारवयीन मुलांसाठी निघणाऱ्या अद्भुत कादंबऱ्या मी वाचायचे, परीक्षण लिहायचे आणि शेवटी इशारे द्यायचे. 'पान ८८ वर घोडा मरतो. घोड्यावर जीव जडला असेल, आणि जडणारच, तर पान ८७ ला उठून पाणी पिऊन या.' 'चेटकीण मुलीला अंधाऱ्या खोलीत कोंडते, चार पानं. कोंडलं जाण्याची भीती वाटत असेल तर कुणाच्या तरी शेजारी बसून वाचा. सुटका होते.' सांगलीत, विश्रामबागेतल्या दोन खोल्यांत बसून मी अशी सहाशे परीक्षणं लिहिली. मुलं उत्तरं पाठवायची. एकीनं लिहिलं होतं, 'ताई, तुम्ही सांगितलं म्हणून पाणी पिऊन आले, तरी रडलेच.' त्या पोरीचं नावही मला आठवत नाही, पण वाक्य पाठ आहे.

मग 'राखण' आली.

'राखण' म्हणजे शाळेच्या टॅबमध्ये बसवलेलं यंत्र. मुलांच्या मनगटाला एक पट्टा असतो, तो नाडी मोजतो आणि कातडीवरचा घाम. टॅबचा कॅमेरा बुबुळं बघतो. मूल कुठल्या ओळीवर आहे आणि त्या ओळीला त्याचं काळीज किती धडधडलं, हे यंत्राला कळतं. अशा हजारो मुलांची धडधड गोळा करून ते प्रत्येक वाक्याला गुण देतं. नवं पुस्तक आलं की त्यातली वाक्यं जुन्या वाक्यांशी ताडून पाहतं आणि आपणच इशारे लावतं : लाल, पिवळा, हिरवा. लाल असेल तर पानाला कुलूप. सुरुवातीला यंत्राला शिकवायला कंपनीला माणसानं लिहिलेले इशारे हवे होते. माझे सहाशे त्यांनी मागितले, मी दिले, वर नोकरीही घेतली. आता कुणाच्या नावानं बोटं मोडू?

माझ्या हुद्द्याचं नाव 'पडताळणी'. लिहायचं काही नाही. यंत्रानं लावलेला इशारा पडद्यावर येतो, खाली दोन बटणं असतात, मान्य आणि अमान्य. अमान्य दाबलं तर चौसष्ट कारणांतलं एक निवडायचं. चौसष्टांत बसत नसेल तर 'इतर', आणि 'इतर'च्या चौकोनात वीस अक्षरं. वीस! त्यातही आठवड्यातून दोनदा 'इतर' वापरलं की पराग आत बोलावून घेतो. पराग शेटे हा आमचा प्रमुख. इचलकरंजीचा, एकोणतीस वर्षांचा, कधी आवाज चढवत नाही. त्यामुळे त्याच्याशी भांडणंही धड होत नाही.

तर एका बुधवारी माझ्यासमोर 'काजळडोह' ही कादंबरी आली. देवगडच्या एका नवख्या लेखिकेची. एका डोहाकाठी वस्ती आहे, डोह दरवर्षी थोडा थोडा वर चढतो, आणि त्याला थोपवायची विद्या एकाच बाईकडे आहे. तिची बारा वर्षांची मुलगी ही नायिका. रक्ताचा थेंब नाही, कुणी मरताना दिसत नाही. यंत्रानं सगळं पुस्तक हिरवं केलं होतं. सोमवारपासून ते नववीच्या पूरक वाचनाला लागणार होतं. मी सवयीनं मान्य, मान्य करत पान २१४ ला आले.

आई उंबऱ्यात थांबते. मुलगी आत पीठ चाळत असते. आई म्हणते, 'जाते.' बस. पुढच्या ओळीत मुलगी पीठ चाळतेच आहे.

खाली यंत्राची नोंद : निरोप, सौम्य.

मी उलट पानं चाळत गेले. आधीच्या दोनशे तेरा पानांत त्या वस्तीतली माणसं सतरा वेळा घराबाहेर पडतात आणि सतराही वेळा 'येते' नाहीतर 'येतो' म्हणतात. लेखिकेनं कुठंही समजावून सांगितलेलं नाही. कशाला सांगेल? आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढवतात. दुकान बंद होत नाही, तेही वाढवतात. आणि घरातून निघणारं माणूस 'जातो' म्हणत नाही. चुकून म्हणालंच तर आतून कुणीतरी ओरडतं, 'येतो म्हण!' त्या मुलीनं ओरडायला हवं होतं आणि ती पीठ चाळत राहिली. माझ्या काळजाचा ठोका चुकला. मला त्या पानाचा जरा जास्तच त्रास झाला, पण त्याला माझं घरही कारण होतं.

माझ्या घरी माझी भाची राहते, ओवी. नववीत आहे. माझी धाकटी बहीण दीप्ती सात वर्षांपूर्वी हिला माझ्याकडे ठेवून गेली. पोलिसांत गेलो, शोध लागला; दुसऱ्या राज्यात होती, धडधाकट होती, आणि 'मी माझ्या मर्जीनं गेले आहे, मला शोधू नये' असं तिनं लिहून दिलं होतं. हे ओवीला माहीत आहे. आई जाताना 'येते' म्हणाली, हेही ओवीला माहीत आहे. म्हणून आमच्या दारावरच्या पाटीवर अजून तीन नावं आहेत. म्हणून आम्ही घर बदललं नाही. ओवी कधी सहलीला गेली नाही की शिबिराला. 'आई आली आणि मी नसले तर?' एवढंच म्हणते आणि विषय संपवते.

यंदा तिची जुन्नरजवळच्या एका निवासी शाळेसाठी निवड झाली. दोन वर्षं दुर्बिणी आणि गणित, जे तिला जेवणापेक्षा प्रिय आहे. राज्यातून चाळीस मुलं घेतात. फॉर्म महिनाभर आमच्या टेबलावर पडून होता. पालकाची सही मी पहिल्याच दिवशी केली होती. विद्यार्थ्याच्या सहीची जागा रिकामी होती आणि सोमवारी शाळेत तो द्यायची शेवटची तारीख.

"ओवी, अगं वर्षातून तीनदा सुट्टी असते. येशील की घरी."

"मावशी, नको म्हटलं ना. किती वेळा सांगू?"

"असली संधी लाथाडतेस. डोकंबिकं फिरलंय का तुझं?"

"फिरू दे," ती म्हणाली आणि ताट घेऊन आत गेली. असं रोज चाललं होतं. मी वैतागले होते, तीही वैतागली होती. आणि सोमवारी ही पोरगी वर्गात बसून, चाळीस जणांत, हिरव्या इशाऱ्याचं पान २१४ उघडणार होती.

गुरुवारी मी परागच्या केबिनमध्ये गेले.

"मॅडम, आकडे बघा ना," तो म्हणाला. "चारशे मुलांवर चाचणी झालीय. त्या ओळीला एकाचीही नाडी वाढलेली नाही. आणि अर्थाच्या बाजूनं बघाल तर 'येते' काय अन् 'जाते' काय, दोन्ही एकच पडतात."

"एकच कसे पडतील?"

त्यानं समजावलं. यंत्र वाक्याचा अर्थ आकड्यांत मांडतं, नकाशावर गाव मांडावं तसा. सारख्या अर्थाची वाक्यं जवळजवळ येतात. पण मराठी पुस्तकं मोजकी. म्हणून यंत्राचा नकाशा इंग्रजी पुस्तकांवरून बनवलाय आणि मराठी वाक्यं त्यावर नेऊन बसवलीत. उंबऱ्यातलं 'येते' आणि उंबऱ्यातलं 'जाते', दोन्हींचा त्या नकाशावर एकच ठिपका होतो : निरोप.

"मला कच्चा आलेख दाखव," मी म्हटलं. "गुण नकोत. नुसती नाडी."

आढेवेढे घेऊन त्यानं दाखवला. नाडी वाढली नव्हतीच. ती पडली होती. चारशेपैकी तीनशे नव्वद मुलांची नाडी त्या एका शब्दाला एकदम मंदावली होती आणि चार-पाच ठोके तशीच राहिली होती. घाबरलं की काळीज धावतं, हे यंत्राला शिकवलेलं होतं. पण काही विपरीत कानावर आलं आणि माणूस जागच्या जागी थिजलं, तर काळीज धावत नाही, थबकतं, हे कुणी शिकवलं नव्हतं. यंत्रानं त्या पडलेल्या नाडीची नोंद केली होती : विश्रांती. ठोका चुकतो असं आपण पिढ्यान् पिढ्या म्हणतोय, आणि इथं हजारो नाड्या मोजणाऱ्या यंत्राला तेवढंच ठाऊक नव्हतं.

"तांत्रिक गोंगाट असतो मॅडम तो," पराग म्हणाला. "एका शब्दाचं एवढं कोण मनावर घेतं आता? माझ्या पिढीला तर काही वाटत नाही."

माझं डोकं फिरलं. मी पर्स उचलली, दारापर्यंत गेले आणि मागं न बघता म्हटलं, "बरं. जाते मी."

"येते म्हणा हो मॅडम!" पराग अर्धवट उठला होता.

मी वळले. तो उभाही नव्हता आणि बसलाही नव्हता. त्याच्याही मनगटाला कंपनीचा पट्टा होता, सगळ्यांनाच असतो. मी त्या पट्ट्याकडे नुसतं बोट केलं. त्यानं पट्ट्याकडे पाहिलं, मग कच्च्या आलेखाकडे पाहिलं आणि गुपचूप खाली बसला. मग म्हणाला, "वर पाठवतो."

मला वाटलं, जिंकले. घरी जाताना मी ओवीसाठी आंबावडीसुद्धा घेतली.

वर म्हणजे कुठं, ते मला माहीत नाही. पण शनिवारी सकाळी मी संगणक उघडला तर माझ्यासमोर एकेचाळीस हजार नवे लाल इशारे होते. वरच्यांनी आमची तक्रार अगदी मनापासून ऐकली होती. 'जाते' हा शब्द जिथं जिथं असेल तिथं तिथं त्यांनी 'परित्याग, तीव्र' लावून टाकलं होतं.

'कृष्णा नदी सांगलीजवळून वाहत जाते.' परित्याग, तीव्र. 'ताकातून लोणी वेगळे केले जाते.' परित्याग, तीव्र. दुसरीच्या पुस्तकातली रमा रोज शाळेत जाते, तिला कुलूप. पाचवीच्या पुस्तकात जुन्या स्वयंपाकघरावर एक धडा होता, धान्य दळायच्या जात्याचा. त्याचं शीर्षकच 'जाते'. तो धडाच्या धडा गायब. 'जातो'ला मात्र काही लावलं नव्हतं. पुरुषांनी खुशाल जावं.

हसावं की कपाळ बडवावं? मी दोन्ही केलं. अमान्य दाबत सुटले. शंभर झाले, दोनशे झाले, आणि पडद्यावर पाटी आली की यंत्राला माझी अडचण समजली आहे. वाचनात एवढी कुलपं नकोत म्हणून सोळा वर्षांखालच्यांसाठी 'सौम्य पर्याय' सुरू करत आहोत. म्हणजे काय, तर त्रासदायक शब्द काढून जवळचा सौम्य शब्द घालायचा. लेखकांच्या करारात तशी परवानगी असतेच.

नदी सांगलीजवळून वाहत येऊ लागली. रमा रोज शाळेत येऊ लागली. आणि मग 'काजळडोह', पान २१४ :

आई उंबऱ्यात थांबली. 'येते,' म्हणाली.

खाली दोन बटणं. मान्य. अमान्य.

मी पुढची पानं उघडली. पुढं मुलगी रोज डोहाकाठी जाऊन बसते. मूळ पुस्तकात ती आईला शोधत नाही, डोहाशी भांडते, कारण आई यायची नाही हे तिला ठाऊक आहे. हळूहळू आईची विद्या तिला येऊ लागते. आता मात्र तीच पानं वाचली तर ती वाट बघत बसली होती. आई 'येते' म्हणून गेली होती ना. एक शब्द बदलला आणि आई खोटारडी झाली, मुलगी खुळी झाली. आणि शंभर पानं ती तिथंच बसून राहणार होती.

"कुणी सांगितलं होतं शब्द बदलायला?" मी परागला फोनवर ओरडले.

"तुम्हीच म्हणालात ना मॅडम, मुलांना त्रास होतो म्हणून?"

"होतो! म्हणून आधी सांगा म्हटलं होतं, पुसा नव्हतं म्हटलं! असं कुठलं माणूस पोराच्या तोंडावर खोटं—"

आणि माझं वाक्य तिथंच अडकलं.

सात वर्षांपूर्वीचा तो मंगळवार. दुपारचे चार. दीप्ती लाल बॅग घेऊन उंबऱ्यात थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, 'जाते.' ओवी शाळेतून येऊन मोरीत पाय धूत होती. ओल्या पायांनी बाहेर आली, तोवर दार लागलं होतं. 'मावशी, आई काय म्हणाली?' 'येते म्हणाली,' मी म्हटलं. विचार करून नाही म्हटलं, तोंडातून निघून गेलं. पण नंतरची सात वर्षं विचार करायला होती की! मी एकदाही तो शब्द पुन्हा जागेवर ठेवला नाही. पोरगी घराला चिकटून राहिली, शिबिरांना गेली नाही, पाटीवरचं नाव काढू दिलं नाही, आणि मी तिलाच विचारत होते, डोकं फिरलंय का तुझं.

मी अमान्य दाबलं. 'इतर' निवडलं. वीस अक्षरांत 'आई खोटी ठरते' लिहिलं. आठवड्यातलं ते तिसरं 'इतर' होतं. पुस्तक अडकून पडलं, सोमवारी कुठल्याच शाळेत जाणार नव्हतं. पराग फोनवर म्हणाला, "मॅडम, आता मात्र मला वर उत्तर द्यावं लागेल." मी म्हटलं, दे. मग मूळ पान २१४ छापून घेतलं आणि घरी आले.

शब्दांचं काम करणारी बाई मी, पण तोंड उघडेना. शेवटी मी एक कोरा कागद घेतला आणि जे येत होतं तेच केलं. इशारा लिहिला.

'पान २१४. आई घर सोडते. ती 'जाते' म्हणते आणि परत येत नाही. वाचणाऱ्या मुलीच्या घरीही असंच झालं होतं. तिथला शब्द तिच्या मावशीनं बदलला. वाचताना मावशी शेजारी बसेल. नको असेल तर उठून जाईल.'

ओवी टेबलाशी गणितं सोडवत होती. संध्याकाळचं ऊन वहीवर पडलं होतं. मी दोन्ही कागद तिच्यासमोर ठेवले. तिनं आधी इशारा वाचला. मग पान वाचलं. मग परत इशारा वाचला.

"जाते म्हणाली?"

"हो."

"तू ऐकलंस?"

"हो."

"मग तू..."

"मी बदललं."

"का?"

"तू आठ वर्षांची होतीस गं. पाय ओले होते तुझे."

"म्हणजे काय?" तिचा आवाज चढला. "पाय ओले होते म्हणजे काय, मावशी?"

ते उत्तर नव्हतंच.

"तू जगातल्या सगळ्या पोरांना सांगतेस," ती म्हणाली, "घोडा मरणार आहे, कुत्रा मरणार आहे. मला सांगायचं होतंस ना! मी रडले असते. पाणी प्यायले असते. पुढं गेले असते!"

मी उठून पाणी आणलं. तिनं पेला हातात घेतला नाही. दोन्ही कागद उचलले, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. बराच वेळ रडण्याचा आवाज येत होता. मी बाहेर बसून होते. आत जायचा मला हक्क आहे की नाही, ते ठरवता आलं नाही.

रविवारभर ती माझ्याशी बोलली नाही. जेवली, पण ताट घेऊन आत. मी फॉर्मचं तर नावही काढलं नाही. दुपारी एकदा ती बाहेर येऊन दारावरच्या पाटीकडे बघत उभी राहिली, मग परत आत गेली. पाटी तशीच आहे.

सोमवारी सकाळी मी पोळ्या करत होते. माझ्या फोनवर परागचा निरोप येऊन पडला होता, अकरा वाजता भेटा म्हणून. ओवीनं डबा उचलला, दप्तर घेतलं, बूट घातले. टेबलाकडे नजर गेली तर फॉर्म तिथं नव्हता. मी लाटणं हातात तसंच धरून वळले.

ती उंबऱ्यात थांबली होती. पाठमोरी. माझा ठोका चुकलाच. पट्टा हातात नव्हता, पण मला कळलं. मी वाट बघत राहिले. आता ती जे म्हणेल ते ऐकून घ्यायचं, एक अक्षर बदलायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं.

"मावशी," ती मागं न बघता म्हणाली, "जाऊन येते."

"बरं," मी म्हटलं. "ये."